शरद ऋतू आणि आपली बालवाडी: पालक आणि ताई नेहमी विचारतात ते प्रश्न

दरवर्षी सप्टेंबर संपत आला की हेच प्रश्न येतात. काही आई-बाबांचे असतात, काही नव्याने वर्ग हाती घेतलेल्या ताईंचे. उत्तरं ३ ते ६ वर्षांच्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

शरद ऋतू म्हणजे नेमका कधी? आपल्याकडे पानगळ तर दिसतच नाही.

आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे महिने. इंग्रजी कॅलेंडरवर साधारण सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. महाराष्ट्रातून पाऊस बहुतेक ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, ऊन चटके देऊ लागतं, गवत कमरेएवढं वाढून त्याला तुरे येतात, कोकणात आणि मावळात भात पिवळा पडायला लागतो. पानगळ तुम्हाला दिसत नाही, कारण तेव्हा ती होतच नाही. आपल्याकडे साग, पळस, पांगारा, सावर ही झाडं पानं टाकतात ती थंडीच्या शेवटी, जमिनीतली ओल कमी होत जाते तेव्हा. ती शिशिराची गोष्ट आहे.

एवढं ध्यानात घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. आपल्या शरदात मुलांना दाखवायला पिकलेलं बी आहे, तयार झालेलं धान्य आहे, फुलपाखरं आणि चतुर आहेत, झेंडू आहे, स्वच्छ आकाशातला चंद्र आहे.

मग नेटवर मिळणाऱ्या केशरी पानांच्या आणि भोपळ्यांच्या वर्कशीट वापरायच्याच नाहीत का?

मी वापरत नाही. चार वर्षांचं मूल कागदावर पाच टोकांचं लाल पान रंगवतं आणि मान वळवून खिडकीबाहेर बघतं, तर तिथे हिरवागार आंबा उभा असतो. आपण डोळ्यांनी बघतो ते एक आणि शाळेत शिकवतात ते दुसरंच, अशी गाठ त्याच्या मनात तिथेच बसते. या वयात मला सर्वांत जास्त जपायचा आहे तो त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास. दूरदेशी पानं लाल होतात हे जरूर सांगा, फोटो दाखवा. पण आधी अंगण, मग जग.

सुरुवात कुठून करू?

एका फेरीपासून. सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास, ऊन तापायच्या आत, शाळेच्या किंवा सोसायटीच्या आवाराला एक चक्कर. प्रत्येकाच्या हातात एक कापडी पिशवी. नियम दोनच: झाडावरचं तोडायचं नाही, आणि खाली पडलेल्यातलं ओंजळीत मावेल एवढंच घ्यायचं. परत आल्यावर सतरंजीवर सगळं ओता आणि थोडा वेळ काहीही बोलू नका. मुलं आपोआप लावालाव करू लागतात. कुणी लहान-मोठं करतं, कुणी खरखरीत-गुळगुळीत, कुणी ‘हे माझ्या आजीकडे आहे’ असा वेगळाच गठ्ठा करतं. वर्गीकरण म्हणतात ते हेच, आणि ते मुलांच्या डोक्यातून आलेलं असतं.

मग भाषा. पान या एका वस्तूसाठी आपल्याकडे केवढे शब्द आहेत: कोवळं, जून, पिकलं, वाळकं, किडकं, कुजकं, जाळीदार. चुरगळून आवाज ऐका. ओलं पान गप्प राहतं, वाळकं चुरचुरतं. एक पिंपळपान पाण्यात दोन-तीन आठवडे भिजत ठेवा आणि मग हलक्या हाताने बोटांनी किंवा मऊ ब्रशने चोळा. हिरवा गर सुटून नुसती शिरांची जाळी उरते. त्या जाळीतून पलीकडचं बघताना मुलांचा जो चेहरा होतो, त्यासाठी तीन आठवडे वाट पाहावी.

मूल घरी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, वारली किंवा हिंदी बोलत असेल तर त्याचा शब्द त्याला मोठ्याने सांगू द्या आणि फळ्यावर आपल्या शब्दाशेजारी लिहा. पुढच्या फेरीत तेच मूल सर्वांत जास्त बोलतं.

बियांचा खेळ ऐकला होता, मोजे घालून चालायचा. तो कसा घ्यायचा?

शरदासाठी याहून चांगला खेळ मला माहीत नाही. मुलांच्या बुटांवरून मोठ्या माणसांचे जुने लोकरी किंवा जाड सुती मोजे चढवायचे आणि घोट्यापर्यंतच्या गवतातून, मोठ्यांनी आधी पाहून घेतलेल्या जागेत, दहा मिनिटं चालायचं. मोज्यांना आघाडा चिकटतो, कुसळं चिकटतात, आणखी कितीतरी बारीक बिया येतात. वर्गात बसून त्या बोटांच्या चिमटीने सोडवायच्या. ‘बीला पाय नाहीत, मग ती तुझ्याबरोबर वर्गात कशी आली?’ एवढाच प्रश्न विचारा. एक मोजा तसाच ओल्या मातीच्या ट्रेमध्ये पुरा आणि रोज पाणी शिंपडा. काही दिवसांत मोज्यातून कोंब वर येऊ लागतात. काही बिया लगेच रुजत नाहीत, म्हणून मी दोन ट्रे करते.

पान पिवळं का पडतं, हे एवढ्या लहान मुलाला कसं सांगायचं?

सांगू नका, दाखवा. आणि दाखवण्याची उत्तम सोय आपल्या घरात आहे: नवरात्रातला घट. मातीत पेरलेलं धान्य नऊ दिवसांत वाढतं, पण देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते फिकट पिवळं राहतं. वर्गात आपण दोन थाळ्या करू. दोन्हींत तीच माती, तेच गहू, सारखंच पाणी. एक खिडकीत ठेवायची, दुसरी खोक्याखाली झाकायची. आठव्या दिवशी खोकं उचललं की एक थाळी हिरवी आणि दुसरी पिवळी. मग झाकलेली थाळीही उन्हात आणायची, आणि एक-दोन दिवसांत ती हिरवी होताना पाहायची.

आतला अर्थ मोठ्यांसाठी: पानातलं हरितद्रव्य तयार व्हायला गव्हासारख्या रोपांना उजेड लागतो. पिवळं द्रव्य मात्र आत असतंच, ते हिरव्याखाली दडलेलं असतं. पान म्हातारं झालं की हरितद्रव्य मोडतं आणि पिवळा उघडा पडतो. मुलांना मी एवढंच म्हणते, ‘पिवळा आतच होता, हिरव्याने त्याच्यावर पांघरूण घातलं होतं.’ पाच वर्षांच्या मुलाला हे पुरतं, आणि ते खोटंही नाही.

दसऱ्याला आपट्याची पानं आणायची का?

वर्गाला दोन-चार पानं पुरतात. आपट्याचं झाड सावकाश वाढतं आणि दसऱ्याच्या आधी त्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. बाजारात त्याच्या नावावर बऱ्याचदा त्याचा भाऊबंद कांचन विकला जातो, त्याची पानं मोठी असतात. दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधायला सांगा, तासभर चालणारा खेळ होतो.

या पानाचे दोन सारखे भाग असतात, म्हणून ते मधल्या शिरेवर दुमडलं की एक अर्धं दुसऱ्यावर चपखल बसतं. मधल्या शिरेवर छोटा आरसा उभा धरा, अर्ध्या पानाचं पूर्ण पान दिसतं. मग आंब्याचं, जास्वंदीचं, वडाचं पान दुमडून बघायचं. सोनं वाटायचं असेल तर पानाची शिरांची बाजू वर ठेवून त्यावर पातळ कागद धरा आणि तेलखडू आडवा घासा. शिरा कागदावर उमटतात. तो कागद कापून मूल घरी सोनं म्हणून देतं, आणि झाडाची फांदी शाबूत राहते.

तोरणातल्या झेंडूचं दसऱ्यानंतर काय?

फेकू नका, वाळू द्या. मग प्रत्येक मुलाच्या हातात एक फूल. झेंडूचं एक फूल म्हणजे खरं तर पुष्कळ बारक्या फुलांचा गुच्छ असतो. एकेक पाकळी ओढली की तिच्या टोकाला काळी काडी दिसते, ते बी. चांगली भरलेली काळी बी कुंडीत पेरा, आठवडाभरात उगवते. ताज्या पाकळ्या कागदावर चोळल्या तर पिवळा रंग उठतो. मुलांना ब्रशपेक्षा हे जास्त आवडतं.

गणित कुठे आलं यात?

भुईमुगाच्या शेंगेत! नव्या शेंगा याच सुमारास येतात. चांगली वाळलेली शेंग कानाजवळ हलवायची आणि ओळखायचं, आत एक दाणा आहे की दोन की तीन. ओल्या शेंगेचा आवाज येत नाही, हेही मुलंच शोधून काढतात. मग फोडून बघायचं. जमिनीवर खडूने तीन रकाने काढा, एक, दोन, तीन. टरफलं आपापल्या रकान्यात एकाखाली एक मांडायची. कुठली रांग सर्वांत लांब? किती जास्त? मुलांनी आलेख काढला, आणि त्या शब्दाची गरजही पडली नाही.

सीताफळही घ्या. त्याचे डोळे मोजायचा प्रयत्न मुलं करतात आणि हरवतात. कुठून मोजायला सुरुवात केली ते कसं लक्षात ठेवायचं? कुणीतरी डोळ्यावर टिकली लावायचं सुचवतं. आणि फळ पिकलं हे कशावरून ओळखायचं? डोळ्यांमधल्या फटी पांढरट होऊन उघडू लागतात. ते रोज बघायला ठेवा, दाबून दाबून अंदाज घेऊ नका.

भोंडला शाळेत घ्यावा का? सगळ्या घरांतल्या मुलांना चालेल का?

मी घेते, आणि मुलगे-मुली सगळ्यांना घेते. मधोमध पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तो सप्टेंबरचा शेवट, म्हणून हत्ती आणि म्हणून हादगा हे दुसरं नाव. विदर्भ-खानदेशात याच दिवसांत भुलाबाई असते, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. तुमच्या गावात जे आहे ते घ्या. एखाद्या घराला पूजेबद्दल संकोच असेल तर आधी त्या आईशी बोला, हत्ती आणि फेर ठेवा, पूजा घरी राहू द्या. मुलांना फेर आणि गाणी हवी असतात.

यातली कितीतरी गाणी साखळीची असतात. प्रत्येक कडव्यात एक गोष्ट वाढते आणि आधीचं सगळं पुन्हा म्हणावं लागतं. स्मरणशक्तीचा याहून गोड व्यायाम नाही. आणि सोन्यासारखी गोष्ट शेवटी येते: खिरापत ओळखणं. डबा झाकलेला. गोड की तिखट? कोरडी की ओली? चावायची की चाटायची? घरातल्या कुठल्या डाळीची? एकेक उत्तर आलं की पर्याय गळत जातात. चार वर्षांची मुलं पहिल्या दिवशी नुसती ‘लाडू! चिवडा!’ ओरडतात, नवव्या दिवसापर्यंत विचार करून प्रश्न विचारू लागतात. घरोघरच्या आयांना आळीपाळीने खिरापत करून पाठवायला सांगा, म्हणजे नऊ स्वयंपाकघरं वर्गात येतात.

कोजागिरी रात्री असते, शाळा सकाळी. कसं जमवायचं?

गृहपाठ आई-बाबांना द्या. कोजागिरीच्या आधी आठवडाभर रोज संध्याकाळी मुलाला गच्चीवर न्यायचं आणि चंद्र जसा दिसेल तसा एका कागदावर काढू द्यायचा. पाऊस गेल्याने आकाश बहुधा मोकळं असतं. अर्ध्यापासून वाटोळ्यापर्यंत सात चित्रं होतात. पौर्णिमेनंतर पुढे बघायला सांगू नका, चंद्र उशिरा उगवतो आणि मूल झोपेला आलेलं असतं.

कढीपत्त्यावर अळ्या आल्यात. फवारू का?

थांबा! पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, काळी-पांढरी, बिनकेसाची बारीक अळी असेल तर ती बहुधा फुलपाखराची आहे. लिंबू आणि कढीपत्त्यावर काही जातींची फुलपाखरं अंडी घालतात. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवा, बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, म्हणजे अळी बुडणार नाही. सगळं एका खोक्यात ठेवून वर मच्छरदाणीचं कापड बांधा. रोज ताजी पानं द्या. पुढे ती हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यामागून लालसर दुशिंगी अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मग कोष, मग एक दिवस सकाळी फुलपाखरू. सगळा प्रवास साधारण चार-पाच आठवड्यांचा. पंख वाळेपर्यंत थांबा आणि मुलांच्या समोरच सोडून द्या. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं निळं-काळं राणी पाकोळी हेही याच कुळातलं, त्याचा फोटो खोक्याशेजारी लावा.

केसाळ सुरवंटाला मात्र हात लावायचा नाही.

किल्ला फार मोठ्या मुलांचं काम नाही का?

मोठ्यांचा किल्ला वेगळा. लहानांना परातीतला किल्ला द्या. माती किती ओली हवी हे त्यांना हातांनी ठरवू द्या: फार कोरडी असली तर बुरूज ढासळतो, फार ओली असली तर पसरतो. वर-खाली, आत-बाहेर, अलीकडे-पलीकडे हे शब्द इथे आपोआप येतात. ‘मावळा दाराच्या आत ठेव, तोफ बुरुजावर.’ वर अळीव पेरा. भिजलं की त्याच्याभोवती बुळबुळीत थर येतो आणि ते उतारावरही चिकटून राहतं, दोन-तीन दिवसांत हिरवळ. आणि किल्ला मुलाचाच असू द्या. बाबांनी सुबक करून दिलेल्या किल्ल्याकडे मूल दुसऱ्या दिवशी फिरकत नाही, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

हे सगळं ठीक, पण अक्षरं कधी शिकवणार? शेजारची मुलगी एबीसीडी लिहिते.

हा प्रश्न मी कधीच हलका मानत नाही, त्यामागे आईची काळजी असते. पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. ३ ते ८ वर्षांच्या शिक्षणाचा पाया तो खेळावर ठेवतो आणि ३ ते ६ वयासाठी पाठ्यपुस्तक नको असं सांगतो. पेन्सिल धरायला बोटांत बळ लागतं. शेंगा फोडणं, पाकळ्या ओढणं, मोज्यातली कुसळं काढणं, माती मळणं यातून तेच येतं. आणि अक्षरं असतातच: मुलाने आणलेल्या पानाखाली त्याने सांगितलेलं नाव आपण त्याच्यासमोर लिहितो, ते तो ‘वाचतो’. बोललेलं लिहिता येतं हे त्याला उमगलं की अर्धं काम झालं.

साहित्याला पैसे नाहीत. अंगणवाडीत काय करायचं?

याचं उत्तर आपल्या मातीत शंभर वर्षांपूर्वीपासून आहे. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पुढे ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि काम नंतर कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं तिथल्या आदिवासी मुलांना कुठून मिळणार? त्यांनी पानं, बिया, शंख-शिंपले, काड्या, खडे घेतले. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली. तेव्हा ताई, तुमच्याकडे साहित्य नाही असं म्हणू नका. तुमच्या दारात ते पडलेलं आहे. फक्त जुने मोजे आणि मीठ-मसाल्याचे रिकामे डबे पालकांकडून मागून घ्या.

आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. खाली सगळं सिमेंट.

भाजीबाजार तुमचं रान. शिंगाडे, ओल्या शेंगा, सीताफळ, झेंडूचे ढीग, भाताच्या लोंब्यांची तोरणं, मूल खांद्यावर घेऊन बघण्यासारखं सगळं तिथे येतं. आणि गॅलरीतून दुपारी खाली बघा: पाऊस सरताना मोकळ्या जागेवर चतुरांचे थवे घिरट्या घालतात.

काय टाळायचं?

इथे मी कडक आहे. बहुतेक गोष्टी एकदा सांगून मुलं ऐकतात, पण पुढच्यांवर मोठ्यांचीच नजर हवी.

लाल-काळी गुंज कितीही सुंदर असली तरी तिचं बी विषारी आहे, वर्गात आणूच नका. एरंड, धोतरा, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, हीसुद्धा नाहीत. खाजकुयलीच्या मखमली शेंगा ओळखायला शिका आणि त्या बाजूला फेरी नेऊ नका. उंच गवतात मुलांना सोडायचं नाही, पावसानंतर साप असतात. सीताफळाचं बी फोडू देऊ नका, त्याच्या भुकटीने डोळ्यांची आग होते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हातात सुट्या बिया नकोत, ती नाकात-कानात घालतात. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांखाली खायला देऊ नका, आणि कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का ते घरी आधी विचारा. डासांचे दिवस असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि प्रयोगांच्या थाळ्यांत पाणी साठू देऊ नका.

माझ्या मुलाला मातीत हात घालायला आवडत नाही.

जबरदस्ती नको. चमचा द्या, हातमोजा द्या, नाहीतर नुसतं शेजारी बसून पाणी घालायचं काम द्या. काही मुलांना ओला-चिकट स्पर्श खरोखर सहन होत नाही. कोरड्या बियांपासून सुरुवात केली तर बरीच मुलं हळूहळू पुढे येतात. नाही आली तरी ती पाहत असतात.

आम्ही अमेरिकेत राहतो. आमच्याकडे खरंच पानं लाल होतात. मग?

मग तुमच्या मुलाला तीच दाखवा! दिवस लहान होतात, थंडी पडते, आणि पान आपलं हरितद्रव्य मोडतं, गळण्याआधी पानातली पोषकद्रव्यं झाड परत घेतं. गव्हाच्या थाळीचा प्रयोग तिथेही करा, पिवळ्याचं कोडं सारखंच सुटतं. मेपलच्या पानाचा ठसा दसऱ्याचं सोनं म्हणून द्यायला काहीच हरकत नाही, त्यावर मुलाने आजीचं नाव लिहिलं तर आणखी छान. ऑस्ट्रेलियातल्यांचं मात्र उलटं आहे: तिथे शरद मार्च ते मे, आणि दिवाळी येते वसंतात. आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर ‘तुमच्या खिडकीत काय आहे, आमच्या खिडकीत काय आहे’ हा खेळ दर रविवारी खेळून बघा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हा विषय संपवायचा का?

एक काम सुरू ठेवा. शाळेजवळचं एक झाड निवडा, शक्यतो पानं टाकणारं: देशी बदाम, पांगारा, सावर, साग. ऑक्टोबरमध्ये त्याला सैल कापडी फीत बांधा. मुलांनी त्याला नाव द्यायचं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्यांनी त्याच्याखाली उभं राहायचं, एक फोटो घ्यायचा आणि प्रत्येकाने एक वाक्य सांगायचं, ते ताईने लिहून घ्यायचं. जानेवारी-फेब्रुवारीत बदामाची पानं लाल होऊन पटापट खाली येऊ लागतात, पांगाऱ्याच्या उघड्या फांद्यांवर कळ्या दिसतात. त्या सोमवारी ऑक्टोबरचा फोटो बरोबर न्या आणि मुलांच्या हातात द्या.